वळिवड्याच्या छावणीतील मुले



इतिहासावर बोलण्यासाठी व्याख्यानमालेच्या चालकांनी माझ्यासारख्या माणसाला उभे करावे, याचे माझे मलाच नवल वाटते. मी शाळा अर्ध्यावर सोडली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते कारखान्याच्या फाटकाबाहेर, युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा पंडितांप्रमाणे खंडनमंडन माझ्या हातून होणार नाही. एक प्रश्न मात्र मला पुष्कळ वर्षे छळीत आला आहे, तोच आज तुमच्यापुढे ठेवतो. लढाईच्या इतिहासात मुले कोठे असतात?

आपण वसईकर. लढाई म्हटली की आपल्याला आपला किल्ला आठवतो. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी तो घेतला. सुरुंग कसे उडाले, तटाला खिंडार कसे पडले, हे आपल्याकडचे शाळकरी पोरही सांगेल. परंतु त्याच वेळी जो तह झाला त्याची कलमे फारसे कोणी सांगत नाही. शरण आलेल्या पोर्तुगीज शिबंदीला बायकामुले आणि चीजवस्तू घेऊन सन्मानाने गलबतांवर चढू दिले, आणि मागे राहिलेल्या ख्रिस्ती रयतेला आपल्या धर्माप्रमाणे वागण्याची मोकळीक दिली. तोफांचा आवाज पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येतो. आईचे बोट धरून गलबतावर चढलेल्या पोराच्या पावलांचा येत नाही. इतिहास असाच लिहिला जातो.

ही उणीव कादंबरीकारांनी थोडीफार भरून काढली आहे. दुसऱ्या महायुद्धावर युरोप-अमेरिकेत ख्रिस्ती वळणाच्या पुष्कळ कादंबऱ्या लिहिल्या गेल्या. त्यांचा साचा ओळखीचा असतो. रात्रीची वेळ, दारावर शिपायांची थाप, तळघरात लपवलेली मुले, आणि दार उघडणारी एखादी जोगीण किंवा एखादा पाद्री. या कथांना आधार खरा आहे. फ्रान्समध्ये ल शांबों नावाच्या डोंगरी गावात पाद्री आंद्रे त्रोक्मे, त्यांची पत्नी माग्दा आणि गावकरी यांनी हजारो निर्वासितांना आसरा दिला, आणि त्यांत ज्यू मुले पुष्कळ होती. पोलंडची राजधानी वॉर्सा येथे इरेना सेंडलर आणि तिचे सहकारी यांनी कोंडलेल्या ज्यू वस्तीतून मुले बाहेर काढली, आणि ती पुढे आपल्या माणसांना सापडावीत म्हणून त्यांची खरी नावे चिठ्ठ्यांवर जपून ठेवली. अशी माणसे खरोखरच होऊन गेली, आणि त्यांच्यापुढे आपण मान लववली पाहिजे.

पण कादंबरीला एक नायक लागतो आणि एक निर्णायक रात्र लागते. मुलांचे तसे नसते. मूल एका रात्रीत वाचत नाही. त्याला दुसऱ्या दिवशी भूक लागते, तिसऱ्या दिवशी ताप येतो, आणि महिन्याभराने त्याला शाळा लागते. धाडसाने मूल संकटातून बाहेर निघते. पुढे त्याला जगवते ती सोय. आणि ही सोय करणे हेही एक धैर्यच आहे, असे माझे सांगणे आहे. त्यासाठी मला फ्रान्सला जाण्याचे कारण नाही. कोल्हापूरच्या शेजारी, पंचगंगेच्या खोऱ्यात, वळिवडे या गावी ही गोष्ट घडली आहे.

काही वर्षांपूर्वी इचलकरंजीच्या यंत्रमाग कामगारांच्या सभेसाठी मी तिकडे गेलो होतो. सभेनंतर एक सोबती मला गांधीनगरच्या कापड बाजारात घेऊन गेला. सिंधी व्यापाऱ्यांची दुकाने, गठ्ठे, हमाल, टेम्पो. तो सहज म्हणाला, “येथे पूर्वी पोलंडची माणसं राहात होती.” मला वाटले, थट्टा करतो आहे. परतल्यावर वाचू लागलो, आणि वाचता वाचता माझीच झोप उडाली.

ती माणसे इतक्या दूर आली कशी, हे आधी सांगितले पाहिजे.

१९३९ च्या १ सप्टेंबरला हिटलरच्या फौजा पश्चिमेकडून पोलंडमध्ये शिरल्या. १७ सप्टेंबरला पूर्वेकडून सोविएत फौजा शिरल्या. देश दोघांनी वाटून घेतला. पूर्व भागातून १९४० च्या फेब्रुवारीपासून १९४१ च्या जूनपर्यंत चार लाटांत कुटुंबेच्या कुटुंबे उचलून मालगाडीच्या डब्यांतून सैबेरियात आणि कझाकस्तानात नेण्यात आली. सोविएत दप्तरांवरून आजचे अभ्यासक हा आकडा सव्वातीन लाखांच्या आसपास धरतात. शेतकरी, जंगलरक्षक, शिक्षक, शिपाई यांची ही कुटुंबे. लाकूडतोडीच्या तळांवर आणि सामुदायिक शेतांवर त्यांना जुंपले. थंडीने, उपासमारीने आणि तापाने माणसे गेली. आईबाप गेले आणि मुले उरली.

येथे माझी जीभ अडखळते, हे मी लपवीत नाही. मी लाल बावट्याखाली वाढलेला माणूस आहे. मे दिनाच्या मिरवणुकीत ज्या देशाच्या नावाने घोषणा ऐकल्या, त्याच देशाच्या सरकारने हे केले. तरुणपणी मला हे कोणी सांगितले असते तर मी त्याला भांडवलदारांचा हस्तक म्हणून मोकळा झालो असतो. आज तसे म्हणवत नाही. मालगाडीच्या डब्यात कोंडलेल्या पोराला बाहेरच्या झेंड्याचा रंग दिसत नाही. ज्याला मजुराच्या पोराची कणव आहे, त्याने झेंडा पाहून डोळे मिटू नयेत, एवढे तरी मी या वाचनातून शिकलो.

१९४१ च्या जूनमध्ये हिटलर रशियावर उलटला आणि सारा डाव बदलला. ३० जुलैला लंडनमधील परागंदा पोलिश सरकार आणि सोविएत सरकार यांच्यात करार झाला आणि कैद्यांना ‘माफी’ मिळाली. अपराध काय होता हे कोणी सांगितले नाही. माफी मात्र मिळाली! जनरल आंदेर्स यांच्या हाताखाली पोलिश सैन्य उभे राहू लागले, आणि त्या सैन्याच्या मागोमाग चिंध्या पांघरलेल्या बायकामुलांची रीघ दक्षिणेकडे निघाली. १९४२ च्या मार्च-एप्रिलमध्ये आणि पुन्हा ऑगस्टमध्ये कास्पियन समुद्रावरून सुमारे १ लाख १५ हजार पोलिश माणसे इराणच्या किनाऱ्याला लागली. त्यांत मुले हजारोंनी होती. इराणने त्यांना उतरून घेतले. पण तेथे सगळ्यांना कायमचे ठेवणे शक्य नव्हते. मग प्रश्न आला, ही मुले घेणार कोण?

युद्ध चालू असताना परक्या देशाची, परक्या भाषेची, अंगात रोग भरलेली मुले कोणाला हवी असतात? ज्याला त्याला आपल्या अडचणी दिसत होत्या. अशा वेळी नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी मुले माझ्या संस्थानात पाठवा असे सांगितले. कादंबरीकाराला ते नायक म्हणून मानवतील, आणि मानाला ते पात्रही आहेत. पण त्यांच्याबरोबरच एका बाईचे नाव घेतले पाहिजे. मुंबईतील पोलिश वकील बानासिन्स्की यांची पत्नी कीरा बानासिन्स्का. मुंबईतून मदतीचे सामान घेऊन मोटारट्रकांचा तांडा पार अश्गाबादपर्यंत गेला, आणि परतीच्या वाटेवर त्याच ट्रकांतून अनाथ मुले आली. मशहद, झाहेदान, क्वेट्टा असा डोंगरांचा आणि वाळवंटाचा रस्ता. त्या बाईंनी पुढे मुलांच्या सोयीचे काम हाती घेतले, युद्धानंतर त्या भारतातच राहिल्या, आणि हैदराबादेत वृद्धपणापर्यंत समाजकार्य करीत राहिल्या.

श्रोतेहो, १९४२ च्या एप्रिलमध्ये ही पहिली मुले कोठे उतरली, ठाऊक आहे? आपल्या वांद्र्याला! वसईची भाजी, फुले आणि केळी ज्या लोहमार्गावरून मुंबईला जातात, त्याच मार्गावरच्या वांद्र्याला समुद्राकाठी त्यांना काही आठवडे ठेवले, खाऊपिऊ घातले, आणि जुलैमध्ये जामनगरजवळच्या बालाचडी येथील छावणीत नेले. तेथे जामसाहेबांनी मुलांना, तुम्ही आता अनाथ नाही, मी तुमचा बापू आहे, अशा अर्थाचे आश्वासन दिले. आणि ते पाळले. त्या मुलांनी मोठेपणी सांगितलेली एक आठवण माझ्यासारख्या युनियनवाल्याला फार आवडते. छावणीत रोज पालक शिजे. मुलांना तो मुळीच आवडेना. त्यांनी संप केला! बातमी जामसाहेबांच्या कानावर गेली, आणि त्यांनी पालक बंद करविला. संप यशस्वी झाला. हसण्यावारी नेऊ नका. दोन वर्षे ज्यांनी मिळेल ते मुकाट्याने गिळले, त्या पोरांना नको म्हणण्याचा धीर पुन्हा आला, म्हणजे ती खरोखर वाचली.

बालाचडी ही मुख्यतः अनाथ मुलांची छावणी होती. वळिवड्याची छावणी तिच्याहून पुष्कळच मोठी. १९४३ च्या जूनमध्ये तेथे माणसे येऊ लागली आणि थोड्याच काळात सुमारे पाच हजारांची वस्ती झाली. त्यांत बहुतेक बायका आणि मुले. पुरुष सैन्यात. कोल्हापूर संस्थानची त्या वेळची स्थिती पाहा. राजाराम महाराज १९४० मध्ये वारले होते. गादीवर दत्तक घेतलेले तान्हे शिवाजी महाराज होते आणि त्यांच्या नावाने राणी ताराबाई कारभार पाहात होत्या. ज्या संस्थानचा राजाच पाळण्यातला, त्याच्या हद्दीत हजारो परकी मुले वसतीला आली. तो बालराजा पुढे १९४६ मध्ये मरण पावला.

वळिवड्याला कौलारू बराकींच्या रांगा उभ्या राहिल्या. देऊळ म्हणजे त्यांचे चर्च उभे राहिले. इस्पितळ, अनाथालय, प्राथमिक शाळा, वरची शाळा, बालवीरांची पथके, नाटकाचा मंच, सारे काही झाले. कोल्हापूरकर दुकानदारांनी तेथे दुकाने मांडली आणि गिऱ्हाइकाशी बोलता यावे म्हणून काहीजण पोलिश भाषा शिकले. आता या साऱ्यात कादंबरीचा नायक कोण? पहाटे चूल पेटवणारी बाई? पुस्तके नसताना आठवणीतून व्याकरण शिकवणारा मास्तर? धाकट्या भावाला पाठीवर घेऊन सैबेरियातून आलेली, आणि आता त्याच्या शाळेची पाटी पुसून देणारी बारा वर्षांची बहीण? यांची नावे ठळक अक्षरांत कोठेच नाहीत. परंतु पाच वर्षे दर सकाळी ही माणसे उठली म्हणून ती मुले माणसांत आली.

या बायकांचे नवरे आणि मुलगे इटलीच्या रणांगणावर होते. १९४४ च्या मे महिन्यात माँते कासिनोचा डोंगर पोलिश सैन्याने घेतला. त्याच इटलीत आपली मराठा पलटणही लढत होती. माणगाव तालुक्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी तेथेच पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. म्हणजे टपालवाल्याची वाट वळिवड्याच्या बराकीत पाहिली जात होती, तशीच कोकणातल्या आणि घाटावरच्या घराघरांतही पाहिली जात होती. दोघींची भाषा निराळी, काळजी एकच.

आता या गोष्टीची दुसरी बाजू सांगितली नाही तर मी तुमचा अपराधी ठरेन. ज्या जून महिन्यात पोलिश कुटुंबे कोल्हापूरकडे येत होती, त्याच महिन्याच्या ७ तारखेला पुणे-मिरज मार्गावर शेणोलीजवळ प्रतिसरकारच्या तरुणांनी इंग्रज सरकारची पगाराची गाडी लुटली. आपले लोक त्या सरकारशी झुंजत होते, आणि तेच सरकार या मुलांच्या छावणीची व्यवस्था पाहात होते. असे असूनही त्या मुलांच्या आठवणींत कोल्हापूरकडच्या माणसांविषयी आपुलकीच भरलेली आहे. सरकारवरचा राग पोरांवर काढायचा नसतो, हे आपल्या अडाणी म्हटल्या जाणाऱ्या माणसांना कोणी शिकवावे लागले नाही.

आणि त्याच १९४३ साली बंगालमध्ये काय चालले होते? दुष्काळ. कलकत्त्याच्या रस्त्यांवर पेजेसाठी टाहो फोडीत आयाबहिणी आणि लेकरे मेली. सरकारी चौकशी आयोगाने १५ लाख मृत्यू धरले. पुढच्या अभ्यासकांचे अंदाज ३० लाखांपर्यंत जातात. ज्या राजवटीला पाच हजारांसाठी बराकी बांधता आल्या, शिधा पुरवता आला, तिला बंगालचे मूल दिसले नाही. पोलिश मुलांचा खर्च त्यांच्या सरकारच्या खात्यावर पडत होता, त्यांच्यासाठी वकिलात होती, देणग्या देणारे संस्थानिक आणि टाटांसारखे उद्योगपती होते. बंगालच्या शेतमजुराच्या पोरासाठी वकील नव्हता.

याचा अर्थ काय घ्यायचा? पोलिश मुलांना मिळाले ते जास्त होते, असा कोणी घेऊ नये. भुकेल्या एका पोराच्या ताटातली भाकरी दुसऱ्या भुकेल्याच्या नावाने मोजणे हा हलकटपणा आहे. मी अर्थ असा घेतो की वळिवडे हा पुरावा आहे. युद्ध ऐन भरात होते, जहाजे बुडत होती, धान्याची टंचाई होती, आणि तरीही मनात आणल्यावर काही महिन्यांत पाच हजार माणसांचे गाव उभे राहिले. तेव्हा पुढे कोणी “सोय नाही” असे म्हणाले, तर त्याला वळिवड्याकडे बोट दाखवता येते.

युद्ध संपले, पण मुलांचा प्रश्न संपला नाही. त्यांची गावे आता सोविएत हद्दीत गेली होती. १९४५ च्या जुलैत इंग्लंडने वॉर्सातील नव्या सरकारला मान्यता दिली, आणि या माणसांना आपले म्हणणारे सरकारच उरले नाही. बालाचडीच्या अनाथ मुलांना मनाविरुद्ध परत धाडले जाऊ नये म्हणून जामसाहेब, छावणीप्रमुख फादर प्लूता आणि एक इंग्रज अधिकारी यांनी त्यांचे पालकत्व आपल्याकडे घेतले. कायद्याच्या कागदावर बाप होणे, हेही धैर्यच. १९४६ मध्ये बालाचडी बंद झाली आणि तेथील बरीच मुले वळिवड्याला आली. मग हळूहळू कोणी इंग्लंडला, कोणी ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिकेला, तर कोणी पोलंडला गेले. १९४८ मध्ये छावणी रिकामी झाली.

रिकामी, पण फार दिवस नव्हे. फाळणीने उखडलेले सिंधी बांधव त्याच बराकींत उतरले. आपल्याला कल्याणजवळचे उल्हासनगर माहीत आहे. वळिवड्याच्या छावणीचे तसेच गांधीनगर झाले. एका निर्वासिताने सोडलेल्या चुलीवर दुसऱ्या निर्वासिताने भांडे ठेवले. परक्यासाठी केलेली सोय फुकट जात नाही, ती पुढच्याच्या कामी येते.

त्या मुलांनी हे विसरले नाही. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्यांच्या स्मृतीचा स्तंभ आहे. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये ऐंशीच्या घरातली काही ‘मुले’ वळिवडे पाहायला पुन्हा आली. वॉर्सात जामसाहेबांच्या नावाचा चौक आहे, आणि माँते कासिनोच्या स्मारकाजवळ वळिवडे-कोल्हापूर छावणीचेही स्मारक आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तेथे पुष्पचक्र वाहिले.

पुष्पचक्रे वाहावीत. परंतु माझ्या मनात दुसरेच दृश्य येते. आपल्या तालुक्याच्या पूर्वपट्टीत दर दिवाळीनंतर वीटभट्ट्या पेटतात. जव्हार-मोखाड्याकडून आदिवासी कुटुंबे येतात. आईबाप गारा तुडवतात, आणि पाचसहा वर्षांची मुलगी तान्ह्या भावाला कडेवर घेऊन विटांच्या थराशेजारी उभी असते. एका भट्टीमालकाला मी म्हणालो, या पोरांसाठी एक छप्पर आणि एक बाई ठेवा. तो म्हणाला, “साहेब, आमच्याकडे तशी सोय नाही.” तो दुष्ट नव्हता. त्याला ते खरेच वाटत होते. पाव शतक चळवळीत घालवून मीही कितीदा तेच उत्तर ऐकून परत आलो आहे, हे कबूल केले पाहिजे. त्या दिवशी मात्र मी परत आलो नाही. वळिवड्याची हकीकत त्याला उभ्याउभ्या सांगितली. महिन्याभराने भट्टीच्या कडेला झापांचे छप्पर पडले. बाईचा पगार अजून भांडून घ्यावा लागतो.

नाताळात आपल्या वसईत घरोघर गोठे सजतात. त्या गोठ्यानंतरची कथा तुम्हाला ठाऊक आहे. हेरोद राजाच्या भयाने जोसेफ आणि मारिया बाळाला घेऊन रातोरात इजिप्तला गेले. गोकुळाष्टमीला दुसरी कथा सांगतात. कंसाच्या भयाने वसुदेव बाळाला घेऊन यमुनेपलीकडे गेला. दोन्ही धर्मांनी आपला देव निर्वासित मूल म्हणून पाहिला आहे. गोकुळातल्या यशोदेचे नाव आपण घेतो. पण इजिप्तमध्ये त्या कुटुंबाला पहिल्या रात्री कोणी जागा दिली, त्याचे नाव त्या कथेत नाही. जगात मुले वाचतात ती बहुतेक अशा नाव नसलेल्या माणसांमुळे. त्या यादीत शिरायला शिक्षण लागत नाही, राजेपण लागत नाही. दारात उभ्या असलेल्या पोराला “सोय नाही” न म्हणण्याची हिंमत लागते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठून चूल पेटवण्याची तयारी लागते.